बिल्ला

अर्जावर तंबाखूचा रकाना आहे, बिडीचा आहे,
दारूचा, सुपारीचा, मिश्रीचासुद्धा.
लान्स नायक केरू ज्ञानू बाबर, तालुका माण,
सध्या मुक्काम दादरची धर्मशाळा, तिसरा मजला:
सगळीकडे 'नाही'.
रकाने संपले तिथे त्याने पेन मागून घेतलं,
समासात काही लिहायला लागला,
अर्ध्या ओळीत थांबला.
"सही केलीवती," म्हणाला, "सांगायचं न्हाई म्हणून."
मग खोडलं. नीट, पट्टी धरल्यासारखं.

परळला जमिनीखाली माझी खोली आहे.
वर हवा कशी आहे ते मला पेशंटच्या चपलांवरून कळतं.
भिंत मीटरभर जाड,
दार असं, की ढकलायला मोटर लागते.
त्याच्याच चेहऱ्याचा साचा, जाळीचा,
मी तो टेबलाला अडकवते, हलू नका बाबा,
आणि बाहेर जाते.
"जावा," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
"समदी लांब जात्यात. म्हाईत हाय मला."

चौथ्या दिवशी विचारलं, किती देता?
दोन.
दोन काय?
ग्रे.
"राखाडी," तो म्हणाला, "इंग्रजी येतं थोडं.
धुरळा तसलाच होता."

एवढंच त्या दिवशी.
पुढचं तुकड्यातुकड्यानं, कपडे चढवताना, पाठ करून:
जमीन वर आली, म्हशीनं कूस बदलावी तशी.
आवाज मागनं.
मग हुकूम झाला, वायरी गुंडाळून आणा.
आणल्या. उघड्या हातानं, ऊन फार होतं.
छातीवर बिल्ला टाचलेला, हा तुमचा आहे तसाच.
सांजच्याला एक जण गोणी घेऊन आला,
एकवीस बिल्ले गोणीत, गोणी ट्रकात.
कुठं?
मंबईला, वाचायला.
"काय वाचलं कुणी, आजून कळलं न्हाई."
आणि हसला. "म्हणून आलो न्हाई हां हितं."

माझा बिल्ला दर तिमाहीला जातो.
आकडा येतो?
येतो.
कागदावर?
कागदावर. शून्य दशांश काहीतरी,
मी वाचतही नाही, फायलीला टाचते.
त्याने बिल्ला तळहातावर घेतला,
दुसऱ्याच्या घरचं पत्र घ्यावं तसा,
उलटा केला, परत दिला.

डॉक्टर तरुण आहेत, खोटं बोलत नाहीत.
एकट्याचं कारण सांगता येत नाही, बाबा.
हजार माणसं घेतली, तर त्यांच्यात इतकी जास्त,
असं म्हणता येतं फक्त.
"हजार कुठनं आणू? आमी एकवीस."
बोटं मोडायला लागला:
सात गेल्याचं पत्रानं कळलं.
एक रक्ताचा. एक ह्या गळ्याचाच.
एकाला ट्रॅक्टरनं उडवलं,
"त्याला धरू नका."
बाकीच्यांचे पत्ते बदलले असतील.

रविवारी मशीन बंद.
कोंडाबाई सांगत होती, चौपाटीवर गेलो,
मी बसले वाळूत, कणीस घेतलं,
हे कट्ट्यावरच उभे, पायात बूट.
या म्हटलं तर, बघतो हितनं, म्हणाले.
समुद्राकडं बघत नव्हते पण.

तिसाव्या दिवशी वही आणली.
दूध सोसायटीची, पाठपोट लिहिलेली, मागची पानं मोकळी.
तारीख, दोन. तारीख, दोन.
खाली दुहेरी रेघ, साठ.
"बेरीज बघा, म्याडम."
बरोबर होती.
"सही करा मग. आकडा पायजे मला, सहीचा."
मी पेन शोधत होते, तेव्हा म्हणाला,
आवाज किरणांनी घोगरा झालेला,
"ह्यात ते पैलं धरलंय का?"

वहीत बघितलं.
पहिल्या तारखेच्या वर एक ओळ कोरी होती,
त्यानेच सोडलेली.

मी साठाखाली सही केली. तारीख घातली.
बाहेर पुढचा नंबर पुकारला,
कोंडाबाई त्याचे बूट हातात घेऊन उभी होती,
नाड्या आधीच सैल करून.